गायीची दुखण्याची सुई, गिधाडे आणि तुमची किडनी

"डॉक्टर, या दुखण्याच्या गोळ्यांनी किडनी खराब होते म्हणतात, खरं आहे का?" भंडारा जिल्ह्यात प्रॅक्टिस करताना हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतोच. विचारणाऱ्याच्या खिशात बहुतेक वेळा त्याच गोळ्यांची अर्धी संपलेली पट्टी असते. उत्तर थोडक्यात द्यायचे तर "हो, होऊ शकते, पण सगळ्यांची नाही आणि एका गोळीने नाही." एवढ्याने कोणाचे समाधान होत नाही. म्हणून मी अलीकडे गिधाडांची गोष्ट सांगतो. या औषधांची किडनीवर काय ताकद आहे हे आपल्या देशात सगळ्यांत ठळकपणे दिसले ते माणसांच्या दवाखान्यात नाही, तर गुरांच्या उपचारातून आणि पक्षी अभ्यासकांच्या नोंदींतून.

गिधाडे गेली कुठे?

आज पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना गावाबाहेरची मेलेली जनावरे टाकण्याची जागा आठवत असेल. गाय किंवा बैल मेला की तिथे नेऊन टाकायचा. थोड्या वेळात आकाशात घिरट्या सुरू व्हायच्या, थवा उतरायचा आणि काही तासांत हाडे तेवढी उरायची. १९९० नंतर हे दृश्य हळूहळू बंद झाले. राजस्थानातल्या भरतपूरच्या केवलादेव अभयारण्यात गिधाडांची मोजणी करणारे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांच्या हे आधी लक्षात आले. पुढे देशभर मोजणी झाली तेव्हा आकडे धक्कादायक निघाले. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९.९ टक्क्यांनी घटली होती. म्हणजे हजार होती तिथे एक उरले. लांब चोचीची गिधाडेही सुमारे ९७ टक्क्यांनी कमी झाली होती.

सुरुवातीला संशय साथीच्या रोगावर होता, कोणता तरी विषाणू असावा असा. खरे कारण २००४ मध्ये समोर आले. अमेरिकेतले लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या पंजाबात मेलेली गिधाडे तपासली होती. त्यांच्या काळजावर, किडनीवर, आतड्यांवर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर बसलेला होता. तो युरिक ॲसिडचा थर. आपल्याकडे काही लोकांच्या पायाच्या अंगठ्यात युरिक ॲसिड साठून गाऊट होतो, तसाच हा प्रकार, पण पोटातल्या सगळ्या अवयवांवर. किडनी पूर्ण बंद पडल्याशिवाय असे होत नाही. आणि ज्या पक्ष्यांमध्ये हा थर सापडला त्यांच्या किडनीत एक औषध सापडले, डायक्लोफेनॅक. तेच, जे तुमच्या घरातल्या डब्यात असण्याची शक्यता बरीच आहे.

गुरांना ताप, कासेची सूज, लंगडणे, बाळंतपणानंतरचे दुखणे यासाठी हे इंजेक्शन स्वस्तात मिळू लागले होते. गायीला त्याचा त्रास होत नव्हता. तिच्या शरीरातून औषध काही दिवसांत निघून जाते. पण सुई दिल्यानंतर दोन-तीन दिवसांत ती मेली, तर मांसात औषध शिल्लक राहायचे, आणि एक मेलेली गाय खायला गिधाडांचा पूर्ण थवा उतरायचा. म्हणूनच शास्त्रज्ञांनी गणित मांडले तेव्हा लक्षात आले की गिधाडे संपायला शंभरातले एक मेलेले जनावरही औषधाचे असण्याची गरज नव्हती. त्याहून कमी पुरेसे होते.

२००६ मध्ये गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर भारतात बंदी आली. पण एक पळवाट राहिली. माणसांसाठीच्या डायक्लोफेनॅकची ३० मिलीची मोठी बाटली बाजारात होती. माणसाला एका वेळी ३ मिली पुरते, मग ३० मिली कोणासाठी? उघड आहे, ती गोठ्यात जात होती. २०१५ मध्ये सरकारने माणसांचे हे इंजेक्शन ३ मिलीच्या एकाच मात्रेत विकायचे असा नियम केला. पुढे २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक ही औषधे, आणि २०२४ च्या अखेरीस निमेसुलाइड, जनावरांसाठी बंद करण्यात आली. ॲसिक्लोफेनॅकचा मुद्दा लक्षात ठेवण्यासारखा आहे: गुरांच्या शरीरात गेल्यावर त्याचे रूपांतर डायक्लोफेनॅकमध्येच होते. नाव बदलले, काम तेच.

गिधाडांना सुरक्षित असलेली मेलॉक्सिकॅम आणि टोल्फेनॅमिक ॲसिड ही औषधे गुरांसाठी उपलब्ध आहेत. म्हणजे गायीचे दुखणे कमी करायचे आणि गिधाडही वाचवायचे, हे दोन्ही जमते. (आता कोणी म्हणेल, मग आम्हीही मेलॉक्सिकॅमच घेतो. थांबा. ते गिधाडाच्या किडनीला चालते. माणसाच्या किडनीच्या बाबतीत ते याच कुटुंबातले औषध आहे आणि खाली सांगितलेली सगळी काळजी त्यालाही लागू होते.)

माणसाच्या किडनीत काय होते?

आपण गिधाड नाही, हे आधी स्पष्ट करतो. माणसाचे शरीर डायक्लोफेनॅक बऱ्यापैकी पचवून बाहेर टाकते. तरुण, धडधाकट माणसाने मोच आल्यावर जेवणानंतर दोन-तीन दिवस ही गोळी घेतली तर सहसा काही होत नाही. मग धोका कुठे आहे?

डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, निमेसुलाइड, नॅप्रोक्सेन, मेलॉक्सिकॅम ही सगळी औषधे शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायने तयार होऊ देत नाहीत. ही रसायने कमी झाली की सूज उतरते, दुखणे थांबते. पण हीच रसायने आणखी दोन कामे करत असतात. एक, जठराच्या आतल्या अस्तराला ॲसिडपासून वाचवणे. दुसरे, किडनीत रक्त आणणारी बारीक रक्तवाहिनी रुंद ठेवणे. एरवी किडनीला या मदतीची फारशी गरज पडत नाही. कालव्याला भरपूर पाणी असले की गेट थोडे कमी उघडले तरी बांधी भरतेच. पाणी कमी झाले की मात्र गेट पूर्ण उघडे हवे. अंगातले पाणी कमी झालेल्या माणसाची किडनी अशाच अवस्थेत असते, रक्तवाहिनी पूर्ण उघडी ठेवून कसेबसे काम चालवत. नेमक्या त्याच वेळी आपण गोळी घेतो आणि गेट खाली येते.

आता आपल्या जिल्ह्यातला कामाचा दिवस डोळ्यांपुढे आणा. रोवणी सुरू आहे. सकाळपासून वाकून कंबर मोडलेली. पाणी पिणे कमीच, विशेषतः बायकांचे, कारण बांधावर लघवीला जायची सोय नसते. दुपारी चहासोबत एक गोळी, संध्याकाळी दुसरी. किंवा मे महिन्यात तेंदूपाने तोडून आलेला माणूस, अंगातला घाम संपलेला, डोके दुखते म्हणून रिकाम्या पोटी गोळी. किंवा दोन दिवस जुलाब होत असलेली म्हातारी, अंग दुखते म्हणून मुलाने मेडिकलमधून आणलेली पट्टी. किडनीला अचानक इजा होण्यासाठी हे वातावरण अगदी पोषक आहे. यातल्या बहुतेकांना काही कळतही नाही, कारण किडनीची तक्रार दुखून येत नाही. लघवी कमी होते, मळमळते, पायावर सूज येते, थकवा वाटतो, आणि तो उन्हाचा त्रास समजला जातो.

सगळ्यांत जास्त जपायला हवे ते रक्तदाबाच्या रुग्णांनी. रक्तदाबाच्या काही गोळ्या (रॅमिप्रिल, एनालाप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन) किडनीतून रक्त बाहेर नेणारी वाहिनी सैल करतात. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या अंगातले पाणी कमी करतात. त्यात दुखण्याची गोळी पडली की तिन्ही बाजूंनी किडनीवरचा दाब घटतो. टेल्मिसार्टनसोबत लघवीची गोळी एकाच टॅब्लेटमध्ये असलेल्या पट्ट्या आपल्याकडे सर्रास चालतात, त्यामुळे आपण दोन औषधे घेतो हे अनेकांना माहीतच नसते. रक्तदाबाची गोळी बंद करायची नाही. दुखण्याची गोळी घेण्याआधी विचारायचे.

ज्यांचे क्रिएटिनिन आधीच वाढलेले आहे, ज्यांना हृदयविकार आहे, जुना मधुमेह आहे, अल्सर झाला होता, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी ही औषधे स्वतःहून घेऊ नयेत. गरोदर बाईने पाचव्या महिन्यानंतर तर अजिबात नाही, बाळाच्या किडनीवर आणि हृदयावर परिणाम होतो. ताप असेल आणि डेंग्यू आहे की नाही हे ठरलेले नसेल, तर फक्त पॅरासिटामॉल. डेंग्यूत प्लेटलेट घटलेले असताना डायक्लोफेनॅकची सुई घेणे म्हणजे रक्तस्रावाला आमंत्रण.

सिकलसेलविषयी वेगळे सांगायला हवे, कारण पूर्व विदर्भात हा आजार अनेक घरांत आहे. सिकलसेलच्या दुखण्याचा झटका भयंकर असतो. त्या माणसाला "गोळी खाऊ नको, सहन कर" असे सांगणे चूक आणि निर्दयीही. पण या आजारात किडनी लहानपणापासूनच हळूहळू थकत असते. म्हणून भरपूर पाणी, ऊब, आधी पॅरासिटामॉल, आणि त्याने भागले नाही तर घरी एकावर एक डायक्लोफेनॅकच्या सुया न घेता रुग्णालय गाठायचे. तिथे सलाईन आणि गरज पडल्यास अधिक तीव्र वेदनाशामक देता येते. सिकलसेलच्या रुग्णाची वर्षातून एकदा तरी लघवी आणि क्रिएटिनिन तपासलेले असावे.

पॅरासिटामॉल हे सूज उतरवणारे औषध नाही, पण किडनीला आणि जठराला बरेच सौम्य आहे. मोठ्या माणसाला दिवसभरात ४ ग्रॅमच्या वर जाऊ नये, म्हणजे ५०० मिलीग्रॅमच्या ८ गोळ्या. दारू पिणाऱ्यांनी आणि यकृताचा त्रास असलेल्यांनी त्याहून बरेच कमी. गुडघ्याला लावायची डायक्लोफेनॅकची जेल हाही चांगला पर्याय आहे, कारण त्यातले फारच थोडे औषध रक्तात जाते. आठवडी बाजारात मिळणारी, नाव-गाव नसलेली "वाताची पुडी" मात्र टाळा. अशा पुड्यांत स्टेरॉइड आणि हीच वेदनाशामके मिसळलेली सापडली आहेत. दोन दिवसांत चमत्कार दिसतो तो त्यामुळेच.

गोठ्यातले घरात, घरातले गोठ्यात

३० मिलीच्या बाटलीची पळवाट बंद झाली असली तरी औषधांची ही ये-जा थांबलेली नाही. बैल लंगडतो म्हणून घरातल्या गोळ्या कुटून पाजल्या जातात. उलटही होते. गुरांसाठी आणलेल्या बाटलीत औषध उरलेले असते आणि कोणाची तरी कंबर धरलेली असते. गुरांच्या औषधाची ताकद त्यांच्या वजनाच्या हिशोबाने ठरवलेली असते, आणि एकदा सुई खुपसलेली बाटली गोठ्यात चार दिवस पडून राहिली की ती निर्जंतुक राहत नाही. त्या सुईने झालेला गळू फोडायला मग माझ्याकडे यावे लागते.

घरातल्या मांजराला पॅरासिटामॉल देऊ नका, एक गोळीही तिचा जीव घेऊ शकते. कुत्र्याला आयब्युप्रोफेन देऊ नका. आणि गायीला कोणतीही दुखण्याची सुई दिली असेल तर तिचे दूध किती दिवस वापरायचे नाही हे पशुवैद्यकांना त्याच वेळी विचारा. ते सांगतील, पण घाईत राहून जाते. विचारण्याची जबाबदारी दूध पिणाऱ्यांची समजा.

जनावर दुखणे सांगते कसे?

"गायीला काही दुखत नव्हतं, चांगली उभी होती, एकाएकी लाथ मारली." बरगडीला मार लागून आलेल्या माणसाकडून हे ऐकायला मिळते. पशुवैद्यकातले संशोधन याविषयी स्पष्ट आहे. गाय, म्हैस, शेळी हे शिकारी प्राण्यांचे भक्ष्य. रानात दुखणे दाखवणारे जनावर आधी मारले जाते, म्हणून ही जनावरे दुखणे लपवतात. गेल्या पंधरा-वीस वर्षांत उंदीर, घोडा, गाय यांच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याच्या पद्धती तयार झाल्या आहेत. दुखत असलेल्या गायीचे कान मागे किंवा खाली पडलेले असतात, डोळ्यांवरचे आणि गालांचे स्नायू ताणलेले दिसतात, नाकपुड्या फुगतात. ती पाठीची कमान करते, रवंथ कमी करते, दात खाते, आणि कोणी जवळ आले तरी पूर्वीसारखी मान वळवत नाही. अशा गायीच्या मागे धार काढायला बसण्याआधी तिच्या कासेला हात लावून पाहावा, गरम आणि कडक आहे का ते.

माशांनाही दुखते, हे आपल्या तळ्यांच्या जिल्ह्यात सांगितले की लोक हसतात. ब्रिटनमधल्या लिन स्नेडन यांनी २००३ च्या सुमारास ट्राउट माशांच्या ओठांत मधमाशीचे विष किंवा ॲसिटिक ॲसिड टोचून पाहिले. त्या माशांनी खाणे सोडले, ॲसिड टोचलेल्यांनी ओठ तळाच्या खड्यांवर घासले, आणि मॉर्फिन दिल्यावर हे वागणे कमी झाले. वाद अजून चालू आहे, पण मला तरी तो पुरावा पटतो.

वागणे बदललेले जनावर आणि रेबीज

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो. गिधाडे गेली, पण मेलेली जनावरे पडतच राहिली. ते मांस कुत्र्यांना मिळू लागले, उघड्यावर सडलेले पाण्यातही गेले. इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पूर्वी गिधाडे भरपूर होती अशा जिल्ह्यांची तुलना जिथे ती कधीच फारशी नव्हती अशा जिल्ह्यांशी केली. पहिल्या गटातले माणसांचे मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांहून जास्त वाढले होते. २००० ते २००५ या काळात त्यामुळे सुमारे ५ लाख जादा मृत्यू झाले असा त्यांचा अंदाज आहे. हा हिशोब आहे, एकेक मृत्यू मोजलेला नाही. पण दिशा पटण्यासारखी आहे, आणि या अभ्यासात कुत्र्यांची वाढ आणि दूषित पाणी या दोन्हींकडे बोट दाखवलेले आहे.

कुत्रा चावला तर लस घ्यायची हे आता बहुतेकांना माहीत आहे. माहीत नसते ते हे, की तोच कुत्रा गायीलाही चावतो, आणि आठवड्यांनी किंवा महिन्यांनी ती वेगळे वागू लागते. चारा तोंडात घेते पण गिळत नाही. तोंडातून लाळ गळते. आवाज घोगरा होतो, उगाच हंबरत राहते. मागचे पाय लडखडतात. घरच्यांना वाटते घशात काहीतरी अडकले. मग घरातला कोणीतरी बाही वर करून तिच्या तोंडात कोपरापर्यंत हात घालतो. धानाच्या कामात विळ्याने आणि काडीने चिरलेला तो हात असतो, आणि त्या लाळेत रेबीजचा विषाणू असू शकतो.

म्हणून गिळता न येणाऱ्या, लाळ गाळणाऱ्या जनावराच्या तोंडात उघडा हात घालू नका. त्याला बांधून वेगळे ठेवा, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, आणि त्याला कुत्रा चावल्याचे कोणी पाहिले होते का ते आठवून सांगा. हात आधीच घातला असेल, किंवा लाळ जखमेवर, डोळ्यात, तोंडात गेली असेल, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा. घड्याळ लावून १५ मिनिटे. डोळे आणि तोंड नुसत्या पाण्याने. हळद, चुना, तिखट, तेल काही लावू नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठा. कातडीला चीर नसताना नुसती लाळ लागली असेल तर लस लागत नाही. पण हातावर बारीक ओरखडे असतील तर ते जखम म्हणूनच धरले जातात आणि लसीसोबत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. ते जखमेत आणि तिच्याभोवती टोचतात. सरकारी दवाखान्यात लस कातडीत देतात, पहिल्या दिवशी, मग ३ ऱ्या, ७ व्या आणि २८ व्या दिवशी. खासगीत दंडात दिली तर पाच वेळा: पहिल्या दिवशी आणि मग ३, ७, १४, २८ असे. पूर्वी पूर्ण कोर्स झालेला असेल आणि त्याचा कागद असेल तर फक्त दोन मात्रा पुरतात, म्हणून तो कागद फेकू नका. "गाय वाचते का पाहू, मग घेऊ" असे थांबू नका, कारण रेबीजची लक्षणे माणसात सुरू झाली की त्यावर उपचार नाही.

त्या गायीचे दूध आधी घरात प्यायले गेले असेल तर घाबरू नका. उकळलेल्या दुधात हा विषाणू टिकत नाही. कच्चे दूध कोणी प्यायले असेल, विशेषतः धार काढताना वाडग्यातले पाजलेले लहान मूल असेल, तर डॉक्टरांना तसे सांगा आणि पुढचे त्यांना ठरवू द्या. अशी गाय मेली तर ती उघड्यावर न टाकता खोल खड्ड्यात पुरावी. आणि उपचारात तिला दुखण्याची कोणती सुई दिली होती, हे पुरताना पशुवैद्यकांना विचारून ठेवायला हरकत नाही. नागपूरजवळच्या पेंचमध्ये आणि ताडोब्यात २०२४ मध्ये हरियाणातल्या पिंजोरच्या केंद्रात वाढवलेली गिधाडे आणली आहेत, आणि गिधाड एका दिवसात शेकडो किलोमीटर उडते. भंडाऱ्याचे आकाश त्यांना लांब नाही.